आजीवरच्या पुस्तिकेत नेमकं काय घालावं?

पोफळीची_नात
मंडळी, मदत हवी आहे. माझी आजी (वडिलांची आई) गेल्या मार्गशीर्षात गेली. नव्वदीच्या घरात होती. दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात आमचं घर आणि पोफळीची बाग. वर्षश्राद्धाला सगळे जमतील म्हणून भावंडांनी ठरवलं की एक छोटी पुस्तिका छापायची आणि येईल त्याच्या हातात एकेक द्यायची. टायपिंग, जुळवाजुळव माझ्याकडे.

आत्या, काका, सुना, नातवंडं, सगळ्यांचे लेख आले आणि माझी पंचाईत झाली. सगळ्यांत तेच. प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी, आल्यागेल्याचं हसतमुखाने करणारी, संसारासाठी चंदनासारखी झिजली. नाव खोडलं तर गावातल्या कुठल्याही म्हातारीच्या फोटोखाली खपेल. आणि माझी आजी हसतमुख वगैरे अजिबात नव्हती हो! दुपारी जेवणं झाल्यावर ती जरा आडवी झालेली असताना कुणी कडी वाजवली, तर आतूनच "आता कोण मेलं?" म्हणून विचारायची. हे मी लिहिलं, तर काका म्हणाले, गेलेल्या माणसाबद्दल असलं छापत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? काय घालावं, काय गाळावं?

खाजणकाठ
फोटो घाला. मजकूर कुणी वाचत नाही. :)

तिरफळ
पाककृती घाला. माझ्या आजेसासूबाई गेल्यावर आम्ही तेच केलं. नुसत्या 'आजीच्या हातची चव' असं लिहून काही हाती लागत नाही. धोंडस करायला जून काकडी कधी उतरवायची, तांदळाच्या कण्या कितपत भाजायच्या, पातेल्यावर निखारे किती वेळ ठेवायचे, हे सगळं सुनांना विचारून विचारून लिहून काढलं. गुळाचं माप मात्र कुणालाच सांगता आलं नाही. कारण त्यांना विचारलं की त्या म्हणायच्या, "काकडीला विचार."

वाडीवस्ती
तिरफळ, आजी म्हटलं की लगेच स्वयंपाकघरच का पण? पुरुषांवरच्या स्मरणिकांत कुणी 'आजोबांच्या आवडीच्या भाज्या' छापत नाही.

तिरफळ
छापायला हव्यात. आमच्या आजोबांबद्दल त्याखेरीज सांगण्यासारखं फार नव्हतं.

खाजणकाठ
😂😂

पडाव
मूळ प्रश्नाकडे. माझा अनुभव सांगतो. ती कशी होती हे लिहायला बसलो की हात अडखळतो. ती कुठून कुठे, कशी गेली, ते लिहिलं की आपोआप येतं.

माझी आजी हर्णैजवळची. लग्न होऊन परळला आली ती बोटीने. आताच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ला. त्याआधी मुंबईला जायचं तर एसटी, आणि त्याआधी बोट. हर्णैला बोट धक्क्याला लागायची नाही, लांब समुद्रात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसून तिथवर जायचं आणि लाटेने पडाव वर आला की खलाशी हाताला धरून बोटीवर ओढून घ्यायचा. आजी सांगायची, "नवऱ्याने हात धरायच्या आधी खलाशाने धरला." हे ती सासूसमोरसुद्धा सांगायची म्हणे. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे जूनच्या तोंडाशी मुंबईत आलेली बाई माहेरी कुणी आजारी पडलं तरी नारळी पौर्णिमेपर्यंत तिथेच.

परळला तिने गाववाल्या गिरणी कामगारांची खानावळ चालवली. एका खोलीत वीसेक माणसं पाळीपाळीने जेवायची. महिन्याचे पैसे पगाराला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि पगारच थांबला. पुढचे कित्येक महिने ती उधारीवर जेवायला घालत होती. माणसं एकेक करून गावी परतली, काही पैसे न देताच. ती वही आमच्याकडे आहे. लेख लिहिताना मी त्या वहीतल्या नोंदीच उतरवल्या (नावं गाळून), बाकी काही जोडलं नाही. जोडायची गरजच पडली नाही.

रेवसकर
पडाव यांनी बोटीचं काढलं म्हणून. आमच्या आजीचा थोरला भाऊ 'रामदास' बोटीवर होता. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, ६००हून अधिक माणसं गेली. आजी तेव्हा दहाबारा वर्षांची. पुढे आमच्या घरी गटारी कधीच झाली नाही. आषाढ अमावास्येला ती दिवे पुजायची, सगळ्यांना गोड वाढायची आणि स्वतः उपास करायची. आम्हाला वाटायचं, असेल एखादं व्रत. खरं कारण वडिलांनी आजी गेल्यावर सांगितलं.

फेरफार
सगळं वाचतेय. मी जरा कडू बोलणार आहे, आधीच माफी.

आपण आज्यांबद्दल लिहितो तेव्हा त्यांनी काय काय केलं याची यादी देतो आणि शेवटी 'तिने कधी कशाची अपेक्षा केली नाही' असं लिहून मोकळे होतो. तिला कुणी विचारलं होतं का, तुला काय हवं म्हणून?

माझ्या आजीची गोष्ट. राजापूर तालुका. आजोबा कूळ होते. कूळ कायद्यात जमीन मिळाली, नाव अर्थातच आजोबांचं. लावणी, बेणणी, कापणी आजीची. भाजावळीसाठी कवळ तोडून डोक्यावरून आणायची आजी. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं? आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. तेही दीर, पुतणे, त्यांची मुलं अशा सामायिक रांगेत. कोकणातला सातबारा कसा असतो ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, वाचता वाचता चहा गार होतो. माहेरच्या जमिनीवरचा हक्क तर तिने कधीच सोडला होता. भावाने हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला आणि एक लुगडं दिलं. ते लुगडं तिने कधी नेसलं नाही. ट्रंकेत तसंच घडी घातलेलं निघालं.

आता हिच्याबद्दल 'समर्पित' असं मी लिहू? मी नाही लिहिणार. पोफळीची_नात, 'झिजली' हा शब्द पहिल्यांदा काढ, बाकी नंतर बघू.

वाडीवस्ती
फेरफार +१००

मुरुडची
फेरफार यांचं पटतंय, पण अर्धंच. आमचं गाव महर्षी कर्व्यांचं मुरुड. १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून याच गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं, आणि आता त्यांचंच नाव आम्ही अभिमानाने सांगतो. असो. सांगायचं ते वेगळं. माझी पणजी लाल आलवणातली होती. कोवळ्या वयात नवरा गेलेला, दिराचा मुलगा दत्तक घेतलेला. तिचं शेवटचं सगळं माझ्या आजीने केलं, सासूचं सुनेने करायचं असतं तसं. पण त्याखेरीज एक केलं. पणजीला सुपारीचं खांड लागायचं आणि घरात त्यावर बंदी होती, विधवेला विडा नाही म्हणून. आजी रोज रात्री पाय चेपायला म्हणून जायची आणि कनवटीला सुपारी न्यायची. वर्षानुवर्षं. हे तिला कुणी करायला लावलं नव्हतं. उलट पकडली गेली असती तर तिचीच खरडपट्टी निघाली असती.

तेव्हा त्या फक्त राबवल्या गेल्या असं म्हटलं की त्यांनी स्वतःच्या मनाने जे केलं तेही आपण पुसून टाकतो. माझी आजी तुमचं वाचून म्हणाली असती, "बाई, माझी कीव करायला तुला कुणी सांगितलं?"

फेरफार
सुपारीचं आवडलं. मुद्दा अर्धा मान्य. आलवणाचा मात्र मला अजूनही राग येतो.

मुरुडची
यायलाच हवा.

म्हावरंवाली
तुम्हा लोकांच्या आज्या फार सोशिक हो! आमची हर्णैच्या बंदरावर लिलावात उभी राहायची. दोन्ही वेळच्या. बोली तिने बोलली की बाप्ये गप. नातवाचं बारसं असो की घरात दुखणं, होड्या आल्या की ही किनाऱ्यावर. तिच्या मते तीच माया. "मी घरी बसून तुमच्या तोंडाकडे बघत बसले तर चूल कोण पेटवेल?" आम्हाला कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही. पण मुलींच्या शाळेची फी एकदासुद्धा चुकली नाही. मोठी बहीण बीएड झाली ती सुरमईवर.

तिच्यावर लेख लिहिला तर अर्ध्या शिव्या गाळाव्या लागतील, म्हणून अजून लिहिला नाही.

खाजणकाठ
गाळू नका. मी वाचेन.

बाणकोट_खाडी
आमच्या दादीचंही थोडं असंच. दादा जहाजावर, दोन-दोन वर्षं तोंड दिसायचं नाही. पत्र आलं की शेजारचे गुरुजी वाचून दाखवायचे, आणि उत्तर तीच सांगायची, गुरुजी लिहायचे. दादा गेल्यावर त्यांच्या पेटीत ती सगळी पत्रं निघाली. एकातही 'आठवण येते' वगैरे काही नाही. म्हैस, कौलं, विहिरीचा गाळ, पोराच्या परीक्षा. गुरुजींना आणि खुद्द नवऱ्यालाही ती मनातलं काय सांगणार! फक्त प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ: "सांदणं केली होती." फणसाच्या रसातली सांदणं दादांच्या आवडीची. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पत्रांतही ती ओळ आहे, आणि तेव्हा फणस कुठून आणणार?

तिरफळ
फणसाशिवायही होतात की. नारळाच्या दुधातली, साखर घालून.

बाणकोट_खाडी
होतात. पण आमच्या घरी दुसरी कधी झालीच नाहीत.

सोलकढी_प्रेमी
सांदणांवरून आठवलं. आगोटीच्या दिवसांत आमची आजी कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. खळ्यात सोलं वाळत घातलेली, एकीकडे आंब्याची साठं, एकीकडे फणसाचे गरे. रातांब्यांच्या सालींना रसाचं पुट द्यायचं, वाळवायचं, पुन्हा पुट. हात लाल झालेले. आभाळ भरून आलं की घरातलं शेंबडं पोरसुद्धा धावायचं. बियांचं मुठेल निघायचं ते वर्षभर टाचांच्या भेगांना.

बादवे, सोलकढीला आगळ (रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस) वापरणारे लोक आहेत इथे? आमच्या आजीला ते पाप वाटायचं. सोलं भिजत घालूनच.

कुडाळी_झील
आगळच बरां. सोलां भिजत घालून दोन तास कोण बसतलो?

सोलकढी_प्रेमी
हाच तो पिढीचा ऱ्हास.

तिरफळ
आगळात मीठ आधीच असतं, मग वरून पुन्हा घालतात आणि सगळी कढी खारट. सोलंच.

कुडाळी_झील
मीठ चाखून घालूक शिका मगे.

वाडीवस्ती
धागा भरकटला. पोफळीची_नात बिचारी पुस्तिकेसाठी आली होती आणि तुम्ही कढीत उतरलात.

कुडाळी_झील
बरं, भक्तीवर एक सांगतो. पहिल्या पोस्टीत 'देवभोळी' आहे ना, त्याबद्दल. आमची आजी देवाची फार, पण भोळी? छे! तिचं आणि देवाचं बोलणं सरळ वसुलीचं. रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून गाऱ्हाणं. "बा देवा महाराजा, तुझा सगळा वेळच्या वेळी करतंय. मगे त्या शेजाऱ्याचो रेडो माझ्या कुळदात कसो शिरता?" आणि स्वतःच मागे "व्हय महाराजा" म्हणायची, कारण साथ द्यायला दुसरं कुणी नसायचं. रेडा पुन्हा शिरला की दुसऱ्या दिवशी देवाला फूल नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय. जास्वंद झाडावर तशीच.

पडाव
हे 'देवभोळी'च्या जागी छापण्यासारखं आहे.

पोफळीची_नात
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! दोन दिवस गावी होते, रेंज नव्हती. आल्यावर सलग वाचलं. आगळाच्या बाजूने मी कधीही नाही, हे आधी सांगते.

पडाव यांनी वहीचं लिहिलं म्हणून मी माळ्यावर चढले. वही नाही सापडली. पण सुतळीने बांधलेला जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा सापडला, कित्येक वर्षांचा. आजी चौथी शिकलेली. स्वयंपाकघरात खिळ्याला कालनिर्णय आणि त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असायची, ती दुधाच्या हिशेबाला असं आम्ही धरून चाललो होतो. हिशेब आहेच, पण चौकटीत बारीक अक्षरात बाकीचंही आहे. काही देते:

'तांबू फळली.'
'रातांबे ३ पाट्या. दोन आपल्या एक वाटेकरी.'
'दादा आला.' मग चार चौकटी कोऱ्या. 'दादा गेला. लोणचं विसरला.' (दादा म्हणजे माझे वडील.)
'दूध नासलं. भांडं मी धुतलं नव्हतं.'
'पाणी तोडलं.' हे बरेचदा आहे. खूपच बरेचदा.

हे पाणी तोडणं म्हणजे आमच्या घरातलं महाभारत. विहीर सामायिक, बागेचं शिंपणं पाळीने. चुलत आजी स्वतःची पाळी नसताना पाट फोडून पाणी आपल्या आळ्यांकडे वळवायची, असं आजीचं म्हणणं. त्यावरून दोघी जावा बोलेनाशा झाल्या त्या झाल्याच. बोलायचं असलं तर मधे एखादं पोर उभं करायच्या. दोघी पाच हातांवर, आणि मी मधे. "तुझ्या काकूआजीला सांग, उद्या पाळी आमची." "तुझ्या आजीला सांग, मला ऐकू येतं." चुलत आजी गेली तोवर हे असंच चाललं. मिटलं नाही.

आणि २०२०चं पान. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. त्या चौकटीत: 'वारा. गोठ्याचे पत्रे गेले. माड ४. पोफळी मोजल्या नाहीत.' ४ जूनला: 'मोजल्या. ६३.' पुढे कितीतरी दिवस नुसतं 'वीज नाही', 'वीज नाही'. मग ऑगस्टमध्ये: 'रोपं ४० लावली.' पोफळीला सुपारी धरायला सहासात वर्षं तरी लागतात आणि ती तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे होती. मी तेव्हा फोनवर तिला म्हटलं होतं की आजी, आता हे कशाला. ती म्हणाली, "मग आळी रिकामी ठेवू?" आणि फोन आईला दिला.

फेरफार
हेच छाप. पानांचे फोटो काढ आणि जसंच्या तसं. लेख नकोतच.

मुरुडची
थांबा जरा. ते तिचं खासगी नव्हतं का? 'भांडं मी धुतलं नव्हतं' हे तिने चारशे माणसांनी वाचावं म्हणून लिहिलं नसेल.

पोफळीची_नात
मलाही आधी तसंच वाटलं. पण ते भर स्वयंपाकघरात, येणाराजाणारा पाणी प्यायला थांबतो तिथेच टांगलेलं असायचं. लपवलेलं काही नव्हतं. तरी काही पानं ठेवून दिली आहेत, ती नाही छापणार.

मालवणी_खाजा
कालनिर्णयवाले जयंतराव साळगावकर आमच्या मालवणचे, बरं का! १९७३ला सुरू केलं. एवढंच सांगायला आलो होतो. चालू द्या.

खाजणकाठ
काका काय म्हणाले?

पोफळीची_नात
त्यांना पानं दाखवली. बराच वेळ चष्मा काढून, लावून वाचत होते. मग म्हणाले, पाण्याचं छाप, पण विहीर आपल्या हिश्श्यातली आहे, सामायिक नाही, हे ठळक अक्षरात लिही. हे ऐकून चुलत काकांनी सांगितलंय की तसं छापलं तर ते वर्षश्राद्धाला येणार नाहीत. आता विहिरीला नुसतं 'विहीर' म्हणायचं यावर तडजोड झालीये. आत्याचा लेख तेवढा ठेवतेय, कारण आत्या रडली. 'चंदनासारखी' मात्र काढलं.

फेरफार
आत्याचं राहू दे. मुलीला तेवढा हक्क आहे. सातबाऱ्यावर नाहीतर निदान पुस्तिकेत.

पडाव
एक प्रत राखून ठेवा. पोस्टेज मी देतो.

तिरफळ
मलाही एक. आणि मागच्या पानावर सोलकढी घाला. सोलांची.

कुडाळी_झील
माझी आजी सुदैवाने अजून आहे, तिकडे गावाकच. हा धागा वाचून काल रात्री फोन केला. म्हटलं, आजी, तुझ्याबद्दल सगळं लिहून काढायचं ठरवलंय, सांगत जा थोडं थोडं. म्हणाली, "मेल्या, मी अजून जिती आसंय. माझ्यार काय लिवतलंस? आधी पंप बंद पडलोहा, तो बघूक कोणाकतरी धाड."

पंपवाल्याचा नंबर असेल कुणाकडे तर व्यनि करा. कुडाळच्या आसपासचा.